रुळांना हात लावू नये

हे आणि मी मूर्तिजापूरहून पुण्याच्या गाडीत बसलो तेव्हा कपड्यांच्या पिशवीपेक्षा माझ्या औषधांची पिशवी मोठी होती. शिवाय उकळून गार केलेल्या पाण्याच्या चार बाटल्या, घरच्या दशम्या आणि जवसाची चटणी. बाहेरचं पाणी मला चालत नाही, बाहेरचं खाणं तर नाहीच. सहा वर्षांपूर्वी यांनी मला आपली एक किडनी दिली. ती माझ्या शरीरानं परकी मानू नये म्हणून मी रोज गोळ्या घेते आणि त्या गोळ्यांमुळे इतरांना साधी सर्दी होते तिथे मला दवाखाना गाठावा लागतो. किडनी दिल्यावर दोन वर्षांनी काचबिंदूनं यांची नजर गेली. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही असं डॉक्टरांनी तीनदा सांगितलं आहे. मला ते चौथ्यांदाही ऐकायला आवडेल.

हे आमच्या भागातल्या छोट्या गाडीवर गार्ड होते. त्या गाडीचा गार्ड म्हणजे एकटाच सगळं. झेंडी दाखवायची, तिकिटं द्यायची, रुळावर बसलेली गुरं खाली उतरून हाकलायची आणि पळत येऊन चालत्या गाडीत चढायचं. गाडी बंद झाली, मग हे निवृत्त झाले, मग नजर गेली. गेली चार वर्षं हे बहुतेक वेळ खुर्चीत बसून असत. रेडिओ लावला तर ऐकत, बंद केला तर विचारत नसत.

मागच्या थंडीत आमच्या मृणालनं, म्हणजे पुण्यात संगणकाच्या कंपनीत काम करणाऱ्या मुलीनं, मोबाइलवर एक चित्रफीत पाठवली. टेबलावर मांडलेल्या चिमुकल्या रुळांवरून एक वीतभर गाडी जात होती. मी ती सहज लावली. यांना दिसणार काहीच नव्हतं, पण रुळांच्या जोडांवरून जाणाऱ्या चाकांचा बारीक टकटक आवाज येत होता. हे म्हणाले, "पुन्हा लाव." मी पुन्हा लावली. तिसऱ्यांदा लावल्यावर त्यांनी विचारलं, हे कुठं आहे. चार वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच 'कुठं' असं विचारलं होतं. सदाशिव पेठेत छोट्या रेल्वेचं प्रदर्शन भरतं, दर वर्षी तीन दिवस, असं मृणालनं सांगितलं, आणि मी तिकिटं काढायला लावली.

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, साथ ओसरली असली तरी तुमच्यापुरती ती ओसरलेली नाही. गर्दी टाळा. टाळता आली नाही तर मास्क, उघडी खिडकी आणि थोडा वेळ. मृणालचं म्हणणं, बाबांना मी नेते, आई घरी बसेल. पण हे माझ्याशिवाय घरातून बाहेर पडत नसत. माझ्या डाव्या खांद्यावर हात ठेवून चालायची त्यांना सवय झाली होती आणि मलाही तो हात नसला की चुकल्यासारखं व्हायचं.

पुणे स्टेशनला सकाळी उतरलो. मृणाल गाडी घेऊन आली होती. ती धायरीला राहते. गाव होतं म्हणे पूर्वी; अजूनही तिच्या इमारतीच्या मागे एका शेतकऱ्याचा गोठा आहे आणि समोर सतरा मजल्यांचं काम चालू आहे. सिंहगड रस्त्यानं जाताना हे दर दोन मिनिटांनी विचारत होते, काहून थांबलो. प्रत्येक वेळी उत्तर तेच, पुढे गाड्या आहेत. शेवटी ते म्हणाले, आमच्या गाडीला इतका उशीर झाला असता तर लोकांनी तक्रार केली असती. मृणाल हसली. बाबा बोलायला लागले, असं तिनं मला आरशातून खुणेनं सांगितलं.

शनिवारी दुपारी आम्ही प्रदर्शनाला गेलो. ती चूक झाली. पेठेतल्या एका जुन्या शाळेचं सभागृह, तेही पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही. रांग जिन्यावरून खाली येऊन पटांगणात वळली होती. फाटकावर पाटी होती: 'खोकला असल्यास घरी खोकावे.' पुण्याच्या पाट्यांबद्दल ऐकलं होतं, पण ही पाटी लिहिणाऱ्याला मी मनातून नमस्कार केला. मात्र ती वाचून घरी गेलेलं कुणी दिसत नव्हतं. आमच्या मागचे गृहस्थ चांगलेच खोकत होते. माझा मास्क पाहून ते म्हणाले, "अहो, गेली ती साथ आता." मी म्हटलं, मला ठाऊक आहे. ते म्हणाले, मग उगाच कशाला गुदमरता. त्यांना सगळं सांगत बसण्याएवढा श्वास माझ्याकडे नव्हता.

जिन्याच्या दहा-बारा पायऱ्या चढलो तेव्हा पुढून ढकललं गेलं आणि मागूनही. हे भिंतीला टेकले. त्यांचा हात माझ्या खांद्यावर घट्ट आवळला गेला. वरून लोकांचा गलका येत होता आणि त्यात ती बारीक टकटक कुठेच ऐकू येत नव्हती. मला घाम फुटला. मृणाल म्हणाली, आई, बास, चल खाली. आम्ही उलटे फिरलो, लोकांची क्षमा मागत. खाली आल्यावर हे म्हणाले, "जाऊ दे. टेबलावरची खेळणी ती. काय पाहायचं त्यात." हे 'पाहायचं' म्हणाले. मृणालनं तोंड फिरवलं.

पटांगणात कडुनिंबाखाली चाकांच्या खुर्चीत एक पन्नाशीचे गृहस्थ बसले होते. आमची फजिती त्यांनी पाहिली असावी. त्यांनी स्वतःहून हाक मारली आणि नाव सांगितलं, शिंदे, बिबवेवाडी. घड्याळदुरुस्तीचं काम करतात. लहानपणीच्या पोलिओनं दोन्ही पाय गेलेले. हे प्रदर्शन तुम्ही पाहिलंत का, असं मी विचारलं तर म्हणाले, दर वर्षी येतो, दर वर्षी इथूनच परत जातो. मग त्यांनी आम्हाला एक उपयोगाची गोष्ट सांगितली. दार दहाला उघडतं, पण मंडळी सकाळी आठपासून रूळ पुसत बसलेली असतात. तेव्हा या. प्रदर्शन भरवणारे गद्रे म्हणून आहेत त्यांना आधी फोन करा. "ते शिष्ट आहेत," शिंदे म्हणाले, "पण खरं सांगितलं तर ऐकतात."

संध्याकाळी मृणालनं फोन लावला आणि खरं ते सगळं सांगितलं. मग उत्तर आलं: नऊला या. दहाला दार उघडलं की मी कुणाचाच नाही.

रविवारी सकाळी पेठ रिकामी होती. कोपऱ्यावरच्या अमृततुल्यात (चहाच्या दुकानाला इकडे असं म्हणतात, आणि बहुतेक वेळा नावाला जागतात) हे बाहेर उभं राहून दोन कप चहा प्यायले. मी माझं पाणी प्यायले. मृणालला कंपनीतून काम आलं म्हणून ती आम्हाला सोडून तिथल्याच एका दुकानाच्या पायरीवर लॅपटॉप उघडून बसली. तासाभरात हाक मारा म्हणाली.

गद्रे सत्तरीचे, उंच, काटकुळे. हातात फडकं. आम्हाला पाहून त्यांनी नमस्कार वगैरे केला नाही. आधी सभागृहाच्या सगळ्या खिडक्या एकेक करून उघडल्या आणि मग खिशातून मास्क काढून लावला. मला बोलावं लागलं नाही. यांनी सवयीनं खिशातली सॅनिटायझरची बाटली काढली तसे ते म्हणाले, "ते नको. त्यानं रंग सुटतो. नळ तिकडे आहे, साबणानं धुवा. मीही धुतो. म्हणजे तुमचं मला नको आणि माझं तुम्हाला नको." तिघांनी ओळीनं हात धुतले, शाळेतल्या मुलांसारखे.

मांडणी खोलीभर होती. डोंगर, बोगदे, नदीवर पूल, एक स्टेशन, स्टेशनाबाहेर टांगे. कडेला दोरी आणि दोरीवर पाटी: 'रुळांना हात लावू नये. आपल्या घरच्या वस्तूंना पाहुण्यांनी हात लावलेला आपल्यालाही आवडत नाही.' मी ती वाचली आणि मुद्दाम मोठ्यानं वाचली नाही. पण हे म्हणाले, काहीतरी लिहिलंय ना इथे? तू थांबलीस म्हणून विचारतो. मी वाचून दाखवली. यांनी दोन्ही हात मागे घेतले.

गद्र्यांनी दोरी सोडली. "ती पाटी ज्यांना दिसतं त्यांच्यासाठी आहे," ते म्हणाले. मग त्यांनी यांच्या उजव्या हाताची दोन बोटं धरून रुळावर ठेवली.

मी आजवर यांना बऱ्याच गोष्टी हाताला धरून दाखवल्या आहेत. ही खुर्ची, हा पेला, ही पायरी. त्यात माझी घाई असते, हे मला तिथे कळलं. गद्र्यांना घाई नव्हती. त्यांनी बोटं ठेवली आणि स्वतःचा हात काढून घेतला. यांनी सुरुवातीला काहीच केलं नाही. मग एक बोट पुढे सरकलं. रूळ, खाली स्लीपर, स्लीपरांमधली खडी. बोट थांबलं. "इथे सांधा आहे," हे म्हणाले (एक रूळ फुटून दुसरा वेगळा होतो ती जागा). गद्रे म्हणाले, आहे. बोट त्या फुटून निघालेल्या रुळावरून गेलं आणि एका उभ्या मालगाडीला लागलं. एक वाघीण (मालाचा डबा), दुसरी, तिसरी. यांनी सगळ्या मोजल्या, सावकाश, शेवटच्या डब्यापर्यंत. तिथे एक छोटा कठडा होता, काडीएवढा. यांनी त्यावरून नख फिरवलं.

"हा माझा डबा," हे म्हणाले.

गार्डाचा डबा होता तो. यांनी विचारलं, मागचा लाल दिवा लावलाय का? गद्रे म्हणाले, डावीकडे बघा, साबुदाण्याएवढा आहे. यांना तो सापडला. त्यावर बोट ठेवून हे बराच वेळ तसेच उभे राहिले. त्या दिव्याचं महत्त्व मला संसाराच्या पहिल्या वर्षीच सांगून झालं होतं: गाडी स्टेशनातून गेल्यावर शेवटी तो दिवा दिसला की स्टेशनमास्तर समजतो, पूर्ण गाडी गेली, मागे काही सुटलं नाही.

मग व्हायचं ते झालं. हात मागे घेताना यांच्या बाहीचं बटण कशाला तरी अडकलं आणि रुळाकडेचे तारेचे खांब एकामागून एक आडवे झाले. पाच. तारा केसांएवढ्या बारीक होत्या, त्याही तुटल्या. यांना आवाजावरून कळलं. त्यांचा चेहरा पडला, आणि मी नको तितक्या वेळा माफी मागितली. गद्र्यांनी वाकून एक खांब उचलला, उजेडाला धरला. "दोन महिने लागले होते," ते म्हणाले. मग तो फिरवून पाहत म्हणाले, "असो. खरे खांबसुद्धा रेल्वेनं काढूनच टाकलेत. आता हे प्रदर्शन जास्त खरं झालं." आणि ते पाच खांब त्यांनी शर्टाच्या खिशात ठेवले.

त्यानंतर त्यांनी गाडी सुरू केली. यांचा तळवा टेबलाच्या फळीवर ठेवला. गाडी दूरच्या डोंगरातून निघाली. हे मान तिरकी करून ऐकत होते, आणि सांगत होते: आता वळण. आता चढ आहे, इंजिन ओढतंय. आता पूल आला. दर वेळी बरोबर. गद्र्यांच्या भिवईचा एक केसही हलला नाही, पण तिसऱ्या फेरीला त्यांनी खुर्ची आणून यांच्या मागे ठेवली आणि विचारलं, तुमच्या गाडीला पुलावर वेग किती असायचा. मग दोघांचं सुरू झालं. मी खिडकीशी उभी राहिले. यांनी गुरं हाकलण्याची गोष्ट सांगितली, जी मी चार वर्षांत ऐकली नव्हती.

दहाला पाच मिनिटं असताना जिन्यावर पावलं वाजायला लागली. मी यांच्याजवळ जाऊन म्हटलं, चला, आता गर्दी होईल. हे म्हणाले, तू जा खाली. मी थांबतो.

मी म्हटलं, एकटे कसे थांबाल? गद्र्यांना शंभर कामं असतील. कुणी ढकललं, पडलात तर? चला, पुन्हा येऊ. पुन्हा म्हणजे पुढच्या वर्षी, हे दोघांनाही माहीत होतं. दार उघडलं होतं आणि पहिले लोक आत येत होते. मी यांचा हात धरला आणि माझ्या खांद्यावर ठेवला. यांनी तो काढला. रागानं नाही.

"सुमन," हे हळू म्हणाले, "तुला जे दिलंय ते गर्दीत उभं राहून खराब करू नको. जा."

सहा वर्षांत यांनी त्याचा एकदाही उल्लेख केला नव्हता. ऑपरेशनच्या दिवशीसुद्धा नाही. मी भिंतीच्या कडेनं, चढणाऱ्या लोकांकडे पाठ करून, जिना उतरले.

कडुनिंबाखाली शिंदे आजही होते. मी त्यांच्यापासून जरा लांब कट्ट्यावर बसले आणि मास्क काढला. यांना मी असं कुठेही सोडलं नव्हतं, बँकेत नाही, दवाखान्यात नाही, लग्नात नाही. शिंद्यांनी विचारलं, झालं का पाहून? मी म्हटलं, ते वर आहेत, एकटे. माझं मन दुसरीकडे वळवायला असेल, त्यांनी स्वतःचं सांगितलं. वर धावतात त्यातल्या दोन इंजिनांच्या मोटारी त्यांनी दुरुस्त केलेल्या आहेत. घड्याळाचा हात असल्यामुळे गद्रे त्यांच्याकडे पाठवतात. पण त्या धावताना त्यांनी पाहिल्या नाहीत. मी विचारलं, कुणी उचलून नेणार नाही का?

"चार जण लगेच तयार होतात," ते म्हणाले. "एकदा नेलंही. वरच्या पायरीवर एकाचा पाय घसरला. तेव्हापासून सामान व्हायचं मी सोडून दिलं."

मग आम्ही दोघंही जिन्याकडे बघत बसलो. लोक वर जात होते, खाली येत होते. दर वेळी पांढरा शर्ट दिसला की मी अर्धी उठत होते. मृणालचा फोन आला, मी तिला खोटंच सांगितलं की सगळं ठीक आहे. अकरा वाजून गेले.

आणि मग हे दिसले. जिन्याच्या वरच्या टोकाला, एका हातानं कठडा धरून. दोन पायऱ्या मागे गद्रे होते, दोन्ही हात पाठीमागे बांधलेले. हे पाय पुढे करून पायरीची कड चाचपत, मग टाच टेकवत. वर जाणारे लोक आपोआप कडेला होत होते. मी उठलेच.

"थांबा," शिंदे म्हणाले. "कठडा आहे त्यांच्या हाताशी."

मी उभीच राहिले. अठ्ठावीस पायऱ्या होत्या, मोजल्या मी. शेवटची पायरी संपल्यावर यांनी पाय आणखी एकदा खाली टाकून पाहिला, तिथे जमीन होती. मग म्हणाले, "सुमन कुठंय?" मी म्हटलं, समोरच. हे आवाजाच्या दिशेनं सरळ चालत आले.

वर काय झालं ते यांनी तुटक तुटक सांगितलं. एकानं पाय तुडवला. एका बाईंनी, तुम्ही रांगेत मध्ये उभे आहात, असं सुनावलं. एक जण गार्ड आणि ड्रायव्हर यातला फरक विचारत अर्धा तास बसला. मजा आली, हे म्हणाले, आणि घाम पुसला.

मी गद्र्यांचे आभार मानले आणि त्याच दमात विचारलं, हे प्रदर्शन खाली का भरवत नाही? शिंद्यांकडे मी पाहिलं नाही, पण गद्र्यांनी पाहिलं. ते म्हणाले, तळमजल्याच्या सभागृहात या दिवसांत लग्नं असतात. मी म्हटलं, मग दिवस बदला. त्यांच्याकडे याला उत्तर असेल असं मला वाटलं, पुण्यात असतंच. पण ते वळले. शिंद्यांच्या खुर्चीपाशी जाऊन त्यांनी त्या दोन मोटारींबद्दल काहीतरी सांगितलं आणि वर निघून गेले.

परतीच्या गाडीत आम्हाला खिडकीची जागा मिळाली. दौंडच्या पुढे उजेड होता तोवर मी बाहेर बघत होते आणि मनात एकच गोष्ट घोळत होती. चार वर्षं मी यांना जपलं, असं मी मानत आले. कुणी विचारलं तर सांगतही आले. पण यांचा हात माझ्या खांद्यावर होता तो त्यांच्यासाठी किती आणि माझ्यासाठी किती, हे मी कधी नीट तपासलं नव्हतं. यांनी दिलेल्या वस्तूची परतफेड कशी करायची, या काळजीत मी यांना खुर्चीतून उठू देत नव्हते. त्या खोलीत एका परक्या, तिरकस माणसानं यांची दोन बोटं रुळावर ठेवली आणि हात काढून घेतला. दुसरं काही केलं नाही. मला ते चार वर्षांत सुचलं नाही.

घरी आल्यावर दहा दिवस मी सकाळ-संध्याकाळ ताप मोजला. आला नाही. रक्ततपासणीही ठीक आली. मी गद्र्यांना पत्र लिहिलं, जिना, रांग, मास्क, शिंदे, सगळं. पोस्टकार्डावर दोन ओळींचं उत्तर आलं: 'सूचना पोचल्या. लग्नसराईबाहेरची तारीख पाहत आहोत.' खाली सही. पुढे काय होतं ते पाहू.

त्याच आठवड्यात एका सकाळी हे चपला शोधायला लागले. मी म्हटलं, कुठं निघालात? दूध आणतो, म्हणाले. दूधकेंद्र आमच्या गल्लीच्या टोकाला आहे, एक वळण, एक गटार, आणि एक कुत्रं जे कुणालाच चावत नाही. मी काठी हातात दिली. गटाराबद्दल सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. हे भिंतीला बोटं लावत गेले, वळणापाशी थांबले, आणि वळले. मी फाटकातून आत आले आणि दोन कप चहाचं आधण ठेवलं.